सारजाबाई आणि राहिलेली गाठ

समजा, एका बाईला तुम्हाला धरून ठेवायचं आहे. ती टेबलाच्या कडेवर पाय खाली सोडून बसली आहे. पोट पूर्ण भरलेलं, अंगात मागून उघडा असलेला दवाखान्याचा झगा. तुम्ही तिच्या समोर उभे आहात. तिची हनुवटी तिच्याच छातीला टेकवायची, खांदे खाली दाबायचे आणि तिची पाठ इतकी गोल करायची की मणक्यांमधल्या फटी उघडतील. मधे पोट असल्यामुळं तिला वाकता येत नाही. कळ आली की ती सरळ व्हायला बघते. तिच्या मागं भुलीचे डॉक्टर बारीक, लांब सुई घेऊन थांबले आहेत आणि सुई आत असताना ती हलता कामा नये. तिची पाठ तुम्हाला दिसत नाही. तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास येतो, तिचा गरम श्वास तुमच्या गळ्यावर लागतो. अशा वेळी तिला तुम्ही काय सांगाल?

सारजाबाई काहीच सांगत नसे. ती बाईला कवेत घ्यायची, आपला गाल तिच्या डोक्यावर ठेवायची आणि मोठ्यानं श्वास घ्यायला-सोडायला लागायची. थोड्या वेळानं ती बाईही तिच्याबरोबर श्वास घेऊ लागायची. तेवढ्यात सुईचं काम झालेलं असायचं. भुलीचे डॉक्टर दर वेळी एकच चेष्टा करायचे. "सोडा आता, सारजाबाई. नाहीतर पुढची सुई तुम्हाला."

जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारगावातला तो बाळंतपणाचा छोटा दवाखाना आता बंद आहे. मी तिथं ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा सारजाबाई थिएटरमध्ये येत नव्हती. तिचं धरणं मी पाहिलेलं नाही. मला ते सिस्टरांनी सांगितलं, थोडं डॉक्टर मॅडमनी आणि उरलेलं तिनं स्वतः, तेही कपड्यांच्या घड्या घालताना, माझ्याकडं न बघता.

ती तळेघरच्या बाजूची. भात आणि नाचणीची शेती, तुरळक एस.टी., बाकी सगळं चालणं. दवाखान्यात आया म्हणून आली तेव्हा पस्तिशीच्या पुढं होती. मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची एक खोली होती, ती मॅडमनी तिला दिली. तिथं ती एकटी राहायची. सणाला कोणी यायचं नाही आणि ती कुठं जायची नाही. दिवाळीत सिस्टर फराळ द्यायच्या, तो ती वॉर्डातल्या बाळंतिणींच्या नातेवाइकांना वाटून टाकायची. एकटीनं खाताना दातांचा आवाज लई येतो, म्हणायची.

बाजाराच्या दिवशी ती भाजी आणायला जाई, तेव्हा एक गोष्ट नेहमी घडे. तिनं कवेत धरलेल्या बायका समोरून यायच्या, कडेवर ते मूल असायचं आणि त्या तिला ओळखायच्या नाहीत. त्यांचा दोष नव्हता. थिएटरमध्ये सारजाबाईच्या तोंडाला मास्क असायचा, डोक्याला टोपी, आणि त्या बायकांनी तिच्या झग्याच्या हिरव्या कापडापलीकडं काही पाहिलेलंच नसायचं. ती मात्र त्यांना ओळखायची. चेहऱ्यावरून नाही, मानेवरून. त्या पुढं निघून गेल्या की मागून बघून म्हणायची, ही येणेरे गावची, हिला मुलगी झाली.

सिझर म्हणजे काय, ते तिनं थिएटरमध्ये उभं राहून शिकून घेतलं होतं. बाई जागी असते, हे तिला पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. कमरेखाली बधिर, छातीच्या वर सगळं जागं. मधे हिरवा पडदा. पडद्याच्या या बाजूला सारजाबाई बाईच्या डोक्याशी आणि त्या बाजूला मॅडमचे हात. आधी कातडी, मग चरबी, मग स्नायूंवरचं पांढरं जाड आवरण. स्नायू कापायचे नाहीत, ते मधून बाजूला सारायचे. मग पोटाचा पडदा, लघवीची पिशवी खाली सरकवायची आणि गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद द्यायचा. पाणी येतं, मग बाळ. बाईला दुखत नाही, पण ओढल्यासारखं वाटतं. कुणीतरी आपल्या पोटात भांडी घासतंय असं वाटतं, असं एक जण म्हणाली होती. ते वाक्य सारजाबाईला आवडलं होतं आणि पुढच्या बायकांना ती ते आधीच सांगून ठेवायची. बाळामागून मॅडमनी वार काढायची, नाळ जिला जोडलेली असते ती, आणि जे जे उघडलं ते आतून बाहेर पुन्हा शिवत यायचं.

ती हे सगळं का बघत होती, ते कोणाला माहीत नव्हतं. मॅडमना वाटायचं, बाई हौशी आहे. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती विचारायची कशी हे तिला उमगत नव्हतं.

ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरची. सारजाबाईचं लग्न झालेलं, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आवणी पुरी झाल्याशिवाय सासूनं तिला पाठवलं नाही. भाताची रोपं लावायला हात कमी होते. म्हणून आई स्वतः डोंगर उतरून तिला भेटायला आली. येताना भीमाशंकरच्या देवळातला अंगारा आणला होता. तो आईनं लेकीच्या लुगड्याच्या पदराला चिमूटभर बांधला, नीट निरगाठ मारून, चिखलात काम करताना सुटू नये म्हणून. आणि परत गेली.

कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणं घरातल्या गाठी सोडल्या. बाळंतीण अडली की घरात काही बांधलेलं, झाकलेलं ठेवत नाहीत. तिचे केस सोडले. गोठ्यातली दावी सोडली. पेटीचं कुलूप काढलं, मडक्यांवरच्या परळ्या काढल्या, भाताच्या कणगीचं तोंड उघडलं. नवऱ्यानं, जानकूनं, आपल्या धोतराची गाठसुद्धा सैल केली. तरी मूल येईना. दुसऱ्या दिवशी बाळाचा एक हात बाहेर आला. फक्त हात. सुईण म्हातारी होती, ती हात लावायला घाबरली. मग घोंगडीची झोळी करून चौघांनी सारजाबाईला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तिथं गाडी मिळेपर्यंत आणि घोडेगावला पोहोचेपर्यंत मूल गेलं होतं. ती वाचली.

घरी आणल्यावर तिचं लुगडं धुताना सासूच्या हाताला पदराची गाठ लागली. सासूनं ती सगळ्यांना दाखवली. आवाज चढवला नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "सगळं सोडलं, आन् ही राहिली."

काही वर्षांनी जानकूनं दुसरी बायको केली. तेव्हा सारजाबाईनं घर सोडलं. ती माहेरी का गेली नाही, हे सगळे विचारायचे. ती जाऊ शकली असती. आई दर आखाडात वाट बघायची, निरोप धाडायची. पण आईसमोर बसलं की कधीतरी ते तोंडातून निघेल, अशी तिला भीती होती. तुझ्या गाठीनं माझं पोर अडकलं, असं. म्हणून ती गेलीच नाही. आधी भातलावणीच्या मजुरीवर, मग नारायणगावकडं टोमॅटोच्या तोडणीला, मग दवाखान्यात. आई वारली तेही तिला महिन्यानं कळलं. आई गेली ती लेक का रुसली हे न कळताच गेली.

तर सारजाबाईला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच. गाठीनं झालं की न्हाई?

थिएटरमध्ये ती हळूच आपला रिवाज पाळायची. झगा चढवताना बाईचे केस मोकळे करायचेच असतात, परकराची नाडी सोडायचीच असते. गळ्यातला काळा दोरा, दंडाचा ताईत ती काढून नवऱ्याच्या हातात द्यायची. दवाखान्याच्या नियमात ते सगळं बसत होतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग मोहिनी आली. येडगावची, धरणाच्या काठावरच्या वस्तीतली. साल असेल अठ्ठ्याण्णव. दुपारची वेळ होती. जीपमधून तिला उतरवलं तेव्हा पाणी जाऊन बराच वेळ झाला होता. तिच्याबरोबर सासू, सखूबाई. मॅडमनी तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की मूल आडवं आहे, हात खाली आलाय, सिझर करावं लागेल, आत्ताच.

सखूबाई भिंतीला टेकून बसली होती, ती तशीच बसून म्हणाली, "आमच्या घरात कुनाचं पोट फाडलं न्हाई आजवर. आमी काय पोरं जन्माला घातली न्हाईत व्हय? ह्या पोरींना कळाच सोसवत न्हाईत."

मॅडम म्हणाल्या, "आजी, कळा सोसून हात आत जात नाही."

सखूबाईनं अंगठा दिला. पण हात, हा एक शब्द सारजाबाईनं ऐकला होता. इतक्या वर्षांत तिनं थिएटरमध्ये पुष्कळ सिझर पाहिली होती. कुठं मूल मोठं, कुठं पायाळू, कुठं ठोके मंदावलेले. हात बाहेर आलेलं मूल तिच्यासमोर पहिल्यांदाच आलं होतं.

मॅडम फोन करायला गेल्या. भुलीचे डॉक्टर दुसऱ्या गावाहून स्कूटरवर यायचे. सिस्टर मोहिनीला सलाईन लावत होत्या. थिएटर मांडायचं काम सारजाबाईचं. आत ती एकटी होती.

आता इथं थोडं सांगायला हवं. ऑपरेशनला लागणारी हिरवी कापडं, झगे, नॅपकीन हे सगळं धुऊन, गाठोड्यात बांधून, स्टीलच्या गोल ड्रममध्ये घालून वाफेवर निर्जंतुक करतात. ड्रमच्या अंगाला छोट्या खिडक्या असतात. वाफ आत जाताना त्या उघड्या, बाहेर काढल्यावर बंद. त्या बंद आणि गाठोडी बांधलेली, तोवरच आतलं कापड स्वच्छ. हात धुऊन तयार झालेल्या माणसाशिवाय ते कोणी उघडायचं नसतं. सारजाबाईला हे पक्कं माहीत होतं. नव्या आयांना तीच ते सांगायची.

सिस्टर आत आल्या तेव्हा केराच्या डब्यापासून औषधांच्या कपाटापर्यंत थिएटरमधलं प्रत्येक झाकण उघडं होतं. ड्रमच्या खिडक्या सरकवलेल्या, झाकण जमिनीवर. ड्रममधली सगळी गाठोडी, उद्यासाठी राखून ठेवलेलीसुद्धा, ओट्यावर ओळीनं मांडलेली आणि प्रत्येकाची नाडी सोडलेली. सारजाबाई शेवटच्या गाठोड्याशी झगडत होती. त्याची गाठ पाण्यानं आवळली होती आणि ती दातांनी सोडवत होती.

सिस्टरनी दारातूनच मॅडमना हाक मारली.

पुन्हा निर्जंतुक करायचं तर वाफ धरायला वेळ लागणार, आणि दुपारची वीज गेलेली. तेवढ्यात भुलीचे डॉक्टर आले. मॅडमनी त्यांना दारातच सगळं सांगितलं. त्यांनी हेल्मेटसुद्धा काढलं नाही, स्कूटर वळवली आणि ओळखीच्या एका दवाखान्यातून तयार ड्रम आणायला गेले. ते येईपर्यंत मोहिनीला डाव्या कुशीवर वळवून ठेवलं, कमरेखाली उशा दिल्या, जोर करू नको असं पुन्हा पुन्हा सांगितलं. मॅडम तिच्या पोटाला नळी लावून ठोके ऐकत बसल्या. कुणी सारजाबाईकडं बघत नव्हतं. तिला थिएटरच्या बाहेर उभं केलं होतं. तिथं सखूबाई तिला म्हणाली, बाई, तुमचं काय चुकलं का? सारजाबाईनं मान हलवली. तिला नंतर आठवायचं ते हे, की त्या वेळी तिला स्वतःचं मूल आठवलं नाही. आपण गाठी सोडल्या म्हणून हे मूल मरणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. एकदा बांधली म्हणून गेलं. आता सोडली म्हणून जाणार.

ड्रम आला, स्कूटरवर डॉक्टरांच्या दोन पायांमधे धरलेला. सुई देताना मोहिनीला सिस्टरनी धरलं. सारजाबाईला दारातून मोहिनीची आरडाओरड ऐकू येत होती आणि ती बाहेर उभी राहून मोठ्यानं श्वास घेत होती, सोडत होती. सखूबाईला वाटलं, ही बाई आजारी आहे.

मूल निघालं ते निळसर आणि शांत. नळीनं घसा साफ केला, पाठ चोळली, फुग्यानं हवा दिली. मग ते किरकिरलं, आणि मग रडलं. मुलगा. एक हात बरेच दिवस सुजलेला आणि काळानिळा होता, पण तोही सुधारला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सारजाबाई आपलं बोचकं बांधून आली होती. मॅडमनी तिला बसायला सांगितलं आणि विचारलं, का केलंस? कामावरून काढण्याची भाषा केली असती तर ती गप्प राहून निघून गेली असती. पण का, असं तिला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. आवणी, अंगारा, हात, सासू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि एका दमात.

मॅडमनी टेबलावरची पाण्याची रबरी पिशवी घेतली, त्यात एक गुंडाळलेला नॅपकीन उभा घातला आणि तोंडातून बाहेर काढून दाखवला. मग तोच आडवा घालून तिला ओढायला लावला. नॅपकीनचं फक्त टोक बाहेर आलं.

"हे टोक म्हणजे तो हात," मॅडम म्हणाल्या. "तुझं मूल आडवं होतं, सारजा. आडवं मूल खालून येतच नाही. घराची दारं उखडून टाकली असती तरी आलं नसतं."

"आन् सिझर केलं असतं तर?"

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. "वेळेत केलं असतं, तर बहुतेक वाचलं असतं."

सारजाबाई पिशवीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पर ते आडवं का झालं?"

मॅडमनी कारणं सांगितली. कधी गर्भाशयाचा आकारच वेगळा असतो, कधी वार खाली असते, कधी पाणी जास्त होतं. आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही.

"माझं कशानं झालं?"

"ते आता सांगता येणार नाही."

"म्हंजे तुमाला ठाव न्हाई."

"नाही," मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मॅडमच्या जागी दुसरं कोणी असतं तर गाठीनं काही होत नसतं असं बजावून तिला घरी पाठवलं असतं. मॅडम तेही म्हणाल्या. पण माहीत नाही, हे त्या आधी म्हणून बसल्या होत्या, आणि सारजाबाईच्या मनात तेच राहिलं. जिथं डॉक्टरला माहीत नाही तिथं गाठीला जागा उरते.

थिएटर तिचं बंद झालं. मॅडमनी तिला कपडे धुण्याच्या खोलीत घातलं. धुवायचं, वाळवायचं, घड्या घालायच्या आणि गाठोडी बांधायची. बांधायचं काम नको म्हणून तिनं हात जोडले होते. मॅडमनी ऐकलं नाही. मग तिनं स्वतःच तोडगा काढला. ती फक्त सुरगाठ मारायची. एक टोक ओढलं की सळकन सुटायची, निरगाठ एकही नाही. सिस्टरना ते सोयीचंच पडलं.

पण बायकांना धरणं गेलं ते गेलंच. मी लागलो तेव्हा ती तिथं पाच-सहा वर्षं गाठोडीच बांधत होती. आतून सुईच्या वेळची आरडाओरड आली की तिचे हात थांबायचे. ती भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं श्वास घ्यायची, सोडायची. आवाज बंद झाला की पुन्हा घडी घालायची. बाजारात आता तिला ओळखीची मान दिसत नव्हती. सगळ्या नव्या बायका. एकदा मला म्हणाली, मोहिनीचं पोर शाळेत जातंय, लांबून बघितलं, हात हालवून चालत व्हतं.

दोन हजार चारच्या सुमाराला दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन आलं. त्या दिवशी सगळ्यांना पेढे होते. मी उत्साहात तिला सांगत होतो की आता मूल डोक्याकडून आहे, पायाकडून आहे की आडवं आहे, हे आधीच कळतं. तळेघरची बाईसुद्धा वेळेवर आली तर हात बाहेर येईपर्यंत थांबायला नको, तारीख ठरवून सिझर करता येतं. तिनं पेढा ओट्यावर ठेवला आणि हात पदराला पुसला. मग तिनं आईचा विषय काढला. आईला मशीन दिसलं असतं तर आई काय म्हणाली असती, असं काहीतरी. आई साधी व्हती, म्हणाली, तिला वाटलं, देवाचा अंगारा हाय, पोरीजवळ ऱ्हाऊ दे. मग तिनं हातातल्या गाठोड्याची नाडी ओढून सोडली आणि परत बांधली.

मॅडम तोवर पुण्याला गेल्या होत्या. विचारायला तिच्याजवळ मीच होतो.

"भाऊ," ती म्हणाली, "पोर आडवं हाय ते मशिनीत दिसतं. ते आडवं कशानं झालं, ते कुठल्या मशिनीत दिसतं?"